बाल संरक्षणाचे प्रशिक्षक तयार करायचे आहेत, पाच दिवसांत नेमकं काय बसवायचं? (सांगली-सातारा)

मिरज_समन्वय

नमस्कार. सांगली आणि सातारा मिळून १४ प्रशिक्षक तयार करायचे आहेत. यादीत संरक्षण अधिकारी, विधी सह परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, बालगृहांचे अधीक्षक, दोन अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि संस्थांमधले सामाजिक कार्यकर्ते आहेत. पुढं हेच लोक क्षेत्र कार्यकर्त्यांना, १०९८ या बाल मदतवाहिनीच्या केसवर्करना, बालगृहातल्या काळजीवाहकांना आणि ग्राम बाल संरक्षण समित्यांना शिकवतील.

सलग पाच दिवस मिळाले आहेत. कच्चा आराखडा असा : पहिला दिवस बाल न्याय अधिनियम, दुसरा पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), तिसरा बालविवाह आणि योजना, चौथा समुपदेशन, पाचवा प्रशिक्षण कौशल्यं आणि चाचणी.

चार गोष्टींवर मत हवंय. हा क्रम बरोबर आहे का? सराव कशाचा घ्यायचा? एखादा प्रशिक्षक तयार झाला हे कशावरून ठरवायचं? आणि इथं शिकवलेलं गावापर्यंत जाताना नेमकं कुठं गळतं? जतचा कन्नड भाषक भाग आणि ऊसतोडीचा हंगाम या दोन अडचणी आहेतच, त्याबद्दलही लिहा.

---

कृष्णाकाठ

क्रम उलटा करा. प्रशिक्षण कौशल्यं पाचव्या दिवशी ठेवली की चार दिवस लोक श्रोते म्हणून बसतात. पाचव्या दिवशी प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं उभं राहायला मिळतं, आणि जे चुकलं ते सुधारून दाखवायला दिवसच उरत नाही.

आधी वेळेचा हिशेब मांडा. एका प्रशिक्षकाला १५ मिनिटांचं सत्र घ्यायला लावायचं आणि त्यावर १० मिनिटं बोलायचं म्हटलं तर १४ जणांना ३५० मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास सहा तास. एकाच हॉलमध्ये घेतलं तर पूर्ण दिवस गेला आणि फेरी झाली एकच. सात-सात जणांच्या दोन खोल्या करा. १७५ मिनिटांत, म्हणजे तीन तासांच्या आत फेरी संपते. अशा दोन फेऱ्या हव्यातच, आणि दुसऱ्या फेरीत माणसानं तेच सत्र पुन्हा घ्यायचं. विषय बदलला तर सुधारणा झाली की नवा विषय सोपा गेला हे कळत नाही. दोन खोल्यांसाठी दोन अनुभवी मार्गदर्शक लागतील, त्यांची सोय आधी करा. हॉल, जेवण, फाइल-पेन हे त्यानंतर.

सत्रानंतर बोलण्याचा क्रम ठरलेला असू द्या. आधी ज्यानं सत्र घेतलं त्यानं स्वतः सांगायचं. मग बाकीच्यांनी फक्त दिसलेलं सांगायचं : ‘मागच्या ओळीकडे एकदाही पाहिलं नाहीत’, ‘प्रश्न विचारून उत्तर तुम्हीच दिलंत’. ‘छान झालं’, ‘आवाज गोड आहे’ हे तिथं चालवून घेऊ नका. शेवटी मार्गदर्शकानं बदलायची एकच गोष्ट सांगायची. पाच सांगितल्या तर दुसऱ्या दिवशी एकही बदललेली दिसत नाही.

आता सराव कशाचा. कायद्यानुसार दिवस न पाडता कामानुसार पाडा. क्षेत्र कार्यकर्त्याच्या हातून जे घडतं किंवा बिघडतं ते पाच कामांत : मुलाशी पहिलं बोलणं, गृहभेट आणि सामाजिक तपासणी अहवाल, मुलाला बाल कल्याण समितीपुढं हजर करणं, योजनेची फाइल, आणि बालविवाहाची खबर आल्यानंतरचे पहिले दोन तास. प्रत्येक प्रशिक्षकाला यातली दोनच कामं द्या, पण ती मुळापासून. पाचही सगळ्यांना दिली की पाचही वरवर होतात.

मुलाशी बोलणं. मोठ्या माणसाला ‘तू मूल हो’ म्हटलं की खोलीत हसू पिकतं आणि सराव तिथंच संपतो. त्याऐवजी तिघांचे गट करा : कार्यकर्ता, मूल, निरीक्षक. तुमच्या १४ जणांत तिघांचे दोन आणि चौघांचे दोन गट बसतील, चौघांच्या गटात निरीक्षक दोन. ‘मुला’च्या हातात एक चिठ्ठी द्या. तिच्यात तीन गोष्टी लिहिलेल्या, आणि सूचना अशी की मोकळा प्रश्न आला तरच यातली एक सांगायची. ‘हो-नाही’चा प्रश्न आला तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून गप्प बसायचं. निरीक्षकानं मोकळे प्रश्न किती, बंद किती आणि कार्यकर्त्यानं किती वेळा मध्येच तोडलं एवढंच मोजायचं. सात मिनिटं बोलणं, पाच मिनिटं चर्चा, मग भूमिका बदला. चिठ्ठ्या बदलण्यासकट पाऊण तासात तिन्ही फेऱ्या होतात. बहुतेक जण पहिल्या फेरीत तिन्ही गोष्टी काढू शकत नाहीत. शिकवण्याचा खरा क्षण तोच. ‘मोकळे प्रश्न विचारा’ हे फळ्यावर लिहून जे पोचत नाही ते चिठ्ठीत राहून गेलेल्या गोष्टींनी पोचतं.

भाषेवर थांबा. ‘का पळालास?’ हा प्रश्न मुलाच्या कानाला आरोपासारखा लागतो. ‘घरून निघालास त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ असं विचारलं की मूल क्रमानं सांगू लागतं. मिरज जंक्शनवर सापडलेल्या मुलाला आधी नाव-गाव-पत्ता विचारायची सवय असते. त्याच्याआधी पाणी, खाणं, ‘दुखतंय का कुठं?’ आणि ‘मी कोण, तुला कुठं नेणार आहे’ हे सांगणं यायला हवं. आणि ‘तू सांग, मी कुणाला सांगणार नाही’ हे वाक्य प्रशिक्षकांच्या तोंडून कायमचं काढून टाका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सोच्या कलम १९ प्रमाणं ती पोलिसांना द्यावीच लागते. मग दिलेला शब्द मोडतो, आणि पुढं ते मूल कुणाशीच बोलत नाही. त्याऐवजी म्हणायचं, ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’

अशा प्रकरणात कार्यकर्त्यानं खोदून विचारायचं नाही, हेही सरावातच बसवा. मुलानं आपणहून जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात, वेळ घालून लिहायचं आणि थांबायचं. जबाब घेण्याचं काम पोलिसांचं. तोही मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेशाशिवाय, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो (कलम २४). कार्यकर्ता, अधीक्षक, समुपदेशक असं प्रत्येकानं तेच विचारलं की मुलाला ते पुन्हा पुन्हा भोगावं लागतं आणि तपशील बदलत जातात.

तपासणी अहवाल. यासाठी दोन काल्पनिक अहवाल लिहून घ्या. एक बरा आणि एक मुद्दाम आठ चुका पेरलेला. चुका नेहमीच्याच असू द्या : भेटीची तारीख-वेळ नाही, घरात त्या वेळी कोण हजर होतं ते नाही, वय लिहिलंय पण कशावरून ते नाही, मुलाला काय हवं ते कुठंच नाही, शेजारी किंवा शिक्षकांकडून काही घेतलेलं नाही, ‘मुलगा बिघडलेला आहे’ असा शिक्का, ‘घरची परिस्थिती गरीब आहे’ एवढंच, पण उत्पन्न, कर्ज, मजुरीचे दिवस यांचा पत्ता नाही, आणि शेवटी ‘संस्थेत दाखल करावे’ ही शिफारस, जिच्याआधी आजी, मामा, चुलते यांच्यापैकी कुणाचाही विचार केलेला दिसत नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मधलं तत्त्वच आहे. तरी सर्वांत जास्त चूक या शेवटच्या ओळीत होते.

प्रशिक्षकांनी आठ चुका शोधल्या म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्यांना त्या शोधायला लावायच्या आहेत, हे वेगळं कौशल्य. बहुतेक जण दहा मिनिटांत कंटाळून उत्तरं सांगून टाकतात. दुसऱ्या फेरीत निरीक्षण याच गोष्टीचं करा.

गळतीबद्दल. इथं सहा तास चाललेला विषय तालुक्यात दोन तासांचा होतो आणि गावात वीस मिनिटांचा. कापताना माणूस सराव कापतो आणि कलमं ठेवतो, कारण कलमं सांगायला सोपी असतात. म्हणून कापण्याचं काम त्यांच्यावर सोडू नका. प्रत्येक सत्राच्या तीन लांब्या तुम्हीच लिहून द्या : तीन तास, दीड तास, अर्धा तास. अर्ध्या तासाच्या आवृत्तीतही सराव राहिलाच पाहिजे, व्याख्यान गेलं तरी चालेल.

---

कलमनिहाय

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत आहे, पण कायद्याला दिवस न देणं म्हणजे कायदा सोडून देणं नव्हे. जुने प्रशिक्षक जुनाच कायदा आत्मविश्वासानं सांगतात, आणि एका वर्गातून ती चूक २५ कार्यकर्त्यांकडे जाते. पहिल्या दिवशी सकाळी ९० मिनिटं ‘काय बदललं’ एवढ्यासाठीच ठेवा.

दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. तो न्यायालयाकडून होतो असं अजूनही शिकवलं जातं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, त्यामुळं जुन्या स्लाइडमधले बरेच कलम क्रमांक बाद झाले. १०९८ आता मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली शासनाकडून चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. ‘संस्थेला फोन करा’ असं सांगून भागत नाही.

पोटगीचा मुद्दा तुमच्या आराखड्यात नाही, तो घ्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं मूल बाल संगोपन योजनेच्या यादीत येतं, पण बापाकडून मुलाचा खर्च मिळवता येतो हे तिला कुणी सांगत नाही. आधीचं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, कौटुंबिक न्यायालय असेल तिथं त्या न्यायालयात. खटला चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या मागणीचा निकाल लागावा असं कायदाच म्हणतो. थकलेली रक्कम वसूल करण्याचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. बायका ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत वाट पाहतात आणि मुदत निघून जाते, म्हणून कार्यकर्त्यानं तारीख वहीत लिहून ठेवायची. वकिलाचा खर्च हे कारण होऊ देऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो (१९८७ चा अधिनियम, कलम १२). प्रशिक्षकांना सत्र द्यायचं ते एवढंच : बाईला ही माहिती पाच मिनिटांत, तिच्या भाषेत, न घाबरवता सांगून दाखवा.

योजनांच्या रकमा छापताना शेजारी तारीख टाका. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व (घरीच राहणाऱ्या मुलासाठीची मदत) महिना ४,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना महिना २,२५० रुपये. पहिली जिल्ह्याच्या मान्यता समितीकडून मंजूर होते, दुसरीला बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. कार्यकर्ते या दोन वाटा एकमेकींत मिसळतात आणि फाइल चुकीच्या टेबलावर महिनोन् महिने पडून राहते. फाइलींमध्ये अडकतं ते नेहमी एकाच जागी : आधार आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झालेला, बँक खातं व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. सरावाला अशीच एक अडकलेली फाइल द्या.

शब्दही बदलून घ्या. ‘बालगुन्हेगार’ नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक. आपल्याकडे लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात. गावात समजावताना तो शब्द एकदा घ्या आणि लगेच निरीक्षणगृह (विधिसंघर्षग्रस्त मुलांसाठी) आणि बालगृह (काळजीची गरज असलेल्यांसाठी) यांतला फरक सांगा. दोन्हींना एकच समजलं गेलं की काळजीची गरज असलेल्या मुलालाही गाव गुन्हेगार मानतं.

आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४, मुलाची ओळख उघड न करण्याचं. प्रशिक्षणात खऱ्या मुलाची गोष्ट नाव बदलून सांगणं पुरेसं नाही. गाव, शाळा आणि घटना एवढ्यावरून वाळवा तालुक्यातला माणूस मूल ओळखतो. दोन-तीन प्रकरणांचे धागे एकत्र करून, नातं, तालुका आणि शक्य असेल तर मुलगा-मुलगी हेही बदलून केस लिहा. ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचा फोटो टाकणंही त्यातच येतं, हे पहिल्या तासाला सांगा.

---

पाटण_खोरं

सलग पाच दिवस घेऊ नका. तीन दिवस, मग चार आठवडे मोकळे, मग दोन दिवस. मधल्या काळात प्रत्येकानं आपल्या तालुक्यात खऱ्या कार्यकर्त्यांसमोर एक अर्ध्या दिवसाचं सत्र घ्यायचं, जोडीदार सोबत. नंतरच्या दोन दिवसांत तिथं काय अडलं तेच विषय घ्या. वर्गातल्या सरावात सगळे सहकारी समजूतदार असतात, खरे अडथळे बाहेर दिसतात.

दुसरं कारण रोजच्या कामाचं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात माणसं मोजकी. संरक्षण अधिकारी आणि परिविक्षा अधिकारी दोघंही पाच दिवस सलग बाहेर असले तर मुलाला समितीपुढं कोण नेणार? समिती महिन्यात किमान २० दिवस बसते, त्यामुळं तिचं काम बंद ठेवता येत नाही. तारखा ठरवण्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांना लेखी कळवा.

२४ तासांच्या आत मुलाला समितीच्या कार्यालयात नेलंच पाहिजे हा मुद्दा प्रशिक्षकांनी ठासून सांगावा, असंही सुचवेन.

---

कलमनिहाय

@पाटण_खोरं, तारखा तोडून घेण्याची सूचना चांगली आहे. शेवटच्या वाक्यात मात्र दुरुस्ती हवी, कारण ते असंच शिकवलं गेलं तर कोयना भागातून रात्री मुलाला घेऊन घाटातून धावपळ होईल. २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत (बाल न्याय अधिनियम, कलम ३१). आणि समिती बसलेली नसेल तेव्हा मुलाला एका सदस्यापुढंही हजर करता येतं (कलम २८). म्हणून प्रशिक्षकाकडे सदस्यांच्या नंबरांची चालू यादी हवी आणि ‘रात्री साडेनऊला मूल सापडलं, आता काय?’ हा सराव हवा. अंतिम निकालाच्या वेळी मात्र किमान तीन सदस्य हजर लागतात, हा फरक सांगायचा.

---

पाटण_खोरं

बरोबर, दुरुस्तीबद्दल आभार. ‘प्रवासाचा वेळ सोडून’ हे शब्द प्रशिक्षकांना द्यायच्या कार्डावर ठळक छापायला हवेत.

---

मिरज_समन्वय

खूप उपयोगी. तीन अधिक दोन असंच करतो. जत आणि हंगामाबद्दल कुणी लिहील का? आणि बालगृहातले काळजीवाहक पूर्ण दिवस सुटत नाहीत, त्यांचं काय?

---

जत_पूर्वभाग

जतच्या पूर्वेकडच्या गावांत मराठी सत्राचं कन्नडमध्ये वाक्यावाक्यानं भाषांतर करत बसू नका. वेळ दुप्पट लागतो आणि सरावात माणूस भाषांतरकाराकडं बघून बोलतो, समोरच्या ‘मुला’कडं नाही. १४ जणांत किमान दोघं घरात कन्नड बोलणारे हवेत. नसतील तर यादी बदला, किंवा तिथल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेला सहप्रशिक्षक करा. भूमिकेच्या चिठ्ठ्या सुरुवातीपासून कन्नडमध्येच लिहून घ्या. हे सोयीपुरतं नाही. पोक्सोत मुलाला समजेल अशा भाषेत नोंद व्हावी आणि गरज असेल तर दुभाषी द्यावा, अशी तरतूदच आहे. म्हणून कार्यकर्त्यानं मुलाचं कन्नड वाक्य आधी कन्नडमध्येच टिपायचं, भाषांतर खाली. आपणच मराठीत फिरवून लिहिलं की मूळ शब्द हरवतो.

ऊसतोडीचं वेळापत्रक तालुक्यांप्रमाणं लावा. जत, आटपाडी, माण, खटाव हे माणसं तोडीला बाहेर जाणारे तालुके, तिथल्या ग्राम समित्यांची सत्रं कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत, साधारण दिवाळीआधी संपवा. वाळवा, पलूस, कऱ्हाड या भागांत बीडकडच्या टोळ्याही येतात, तिथं सत्रं हंगामात घ्या, आणि मुकादमांना वगळू नका. कुठल्या कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) किती मुलं आहेत, कोण शाळेत जात नाही, कोण दिवसभर धाकट्याला सांभाळत बसतं हे मुकादमाला माहीत असतं. तोडणीवाल्यांसाठी सकाळचं सत्र ठेवलं तर एकही माणूस येणार नाही, पहाटेच फडात गेलेले असतात. गाडी भरून झाल्यावर, कोप्यांपाशीच, अर्धा तास.

बालविवाहाचं सत्र याच हंगामाशी जोडा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यावर ठरते, आणि मोठी झालेली पोर मागं एकटी कुणाकडं ठेवायची हा प्रश्न आई-बापाला खरोखर पडलेला असतो. प्रशिक्षक नुसतं ‘कायद्यानं गुन्हा आहे’ म्हणाला तर लोक मान डोलावतात आणि लग्न शेजारच्या गावात किंवा सीमेपलीकडं उरकतात. मुलीच्या वसतिगृहाची, हंगामी सोयीची, नातेवाइकाकडं ठेवायचं झाल्यास बाल संगोपनाची माहिती त्याच सत्रात हातात दिली पाहिजे.

खबर आल्यानंतरच्या दोन तासांचा सराव असा घ्या. खबर देणाऱ्याचं नाव कुठंही लिहायचं नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जन्मतारीख काढायची, आधार कार्डावर थांबायचं नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र पहिलं, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्याला आणि १०९८ ला एकाच वेळी कळवायचं. वेळ असेल तर बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १३ खाली मनाईहुकूम मागता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं (कलम १४). लग्नाचा धोका असलेली मुलगी बाल न्याय अधिनियमाप्रमाणं काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, म्हणून तिला समितीपुढं न्यायचं.

बिघडतं ते इथं : मांडवात जाऊन पालकांकडून हमीपत्र घेतलं, फोटो काढला, सगळे परत आले. पंधरा दिवसांनी लग्न झालेलं असतं. हमीपत्रानंतर आठव्या दिवशी, महिन्यानं आणि पुढच्या लग्नसराईच्या सुरुवातीला भेट, या तीन तारखा तिथल्या तिथं वहीत लिहिल्याशिवाय सराव पूर्ण झाला असं धरू नका. मुलगी शाळेत येते का हे मुख्याध्यापकांकडून कळवून घेण्याची सोय यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची.

---

बालगृह_रात्रपाळी

काळजीवाहकांसाठी पूर्ण दिवसाचा नाद सोडा. ९० मिनिटांची सहा सत्रं करा, पाळी बदलायच्या वेळेला लागून, संस्थेतच. प्रत्येक सत्र दोनदा घ्यावं लागेल, नाहीतर रात्रपाळीवाले कायम राहून जातात. आणि मुलांचे सर्वांत अवघड तास रात्रीचेच असतात.

विषय त्यांच्या कामातून घ्या : नव्यानं आलेल्या मुलाची पहिली रात्र, अंथरूण ओलं करणं, मोठ्या मुलांची दादागिरी, जेवण नाकारणं, पळून जाण्याच्या बेतात असलेलं मूल, आणि पाळी बदलताना काय सांगून जायचं. शेवटच्याकडं प्रशिक्षक दुर्लक्ष करतात. ‘सगळं ठीक’ एवढंच सांगून माणूस घरी जातो, आणि संध्याकाळी घरून फोन आल्यापासून मूल गप्प आहे हे रात्रपाळीला कळतच नाही. वहीत प्रत्येक पाळीला तीन ओळींचा सराव घ्या : कोण नेहमीपेक्षा वेगळं वागलं, कुणाला औषध, कुणाकडं आज जास्त लक्ष.

शिक्षेवर स्पष्ट बोला. संस्थेत मुलाला मारणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा १०,००० रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैदही. पण एवढं सांगून थांबलात तर काळजीवाहक विचारतो, ‘मग काय करायचं ते सांगा.’ चाळीस मुलांना एकटा सांभाळणाऱ्याचा तो रास्त प्रश्न आहे. प्रशिक्षकाकडे उत्तर तयार हवं : भांडणाऱ्या दोघांना वेगळं कसं करायचं, कोणत्या आवाजात बोलायचं, मदतीला कुणाला बोलवायचं, स्वतःचा राग चढला तर दोन मिनिटं कुणावर सोपवून बाजूला व्हायचं. हे उभं राहून करून दाखवायला लावा.

आणखी एक. अशा सत्रांत कधी कधी शिकायला आलेल्यांपैकीच कुणाचा बांध फुटतो, कारण विषय त्यांच्याही आयुष्यातला असू शकतो. शेजारी एक रिकामी खोली आणि वर्ग न घेणारा एक समुपदेशक असू द्या. ‘तुमच्या लहानपणीचा प्रसंग आठवा’ असला सराव नकोच. भूमिका संपली की प्रत्येकानं स्वतःचं नाव उच्चारून खुर्ची बदलायची. साधी गोष्ट आहे, पण माणूस भूमिकेतून बाहेर येतो.

---

मिरज_समन्वय

सगळं उतरवून घेतलं. आता एकच राहिलं. तयार झाला की नाही हे ठरवायचं कसं? लेखी चाचणी ठेवायची असं वरून सुचवलं आहे.

---

कृष्णाकाठ

लेखी चाचणी ठेवा, पण ती फक्त कायद्याच्या ९० मिनिटांपुरती. शिकवता येतं का हे कागदावर कळत नाही.

आठ मुद्द्यांचं निरीक्षण पत्रक करा, एका पानाचं : सत्र वेळेत सुरू आणि वेळेत संपलं, सराव निम्म्याहून जास्त वेळ चालला, सूचना एकदा सांगून सगळ्यांना कळल्या, प्रश्नानंतर किमान पाच सेकंद वाट पाहिली, चुकीचं उत्तर माणसाला न दुखावता दुरुस्त केलं, ‘मला तपासून सांगावं लागेल’ म्हणता आलं, कुठल्याही मुलाची ओळख उघड केली नाही, शेवटी प्रत्येकानं पुढच्या आठवड्यात काय करणार ते लिहिलं. प्रत्येकापुढं तीनच खुणा : दिसलं, अर्धवट दिसलं, दिसलं नाही. दहापैकी गुण देऊ नका. त्यावर वाद होतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

आधी दोन सत्रं सहप्रशिक्षक म्हणून, मग एक सत्र मुख्य म्हणून, निरीक्षक मागं बसलेला असताना. ओळख उघड न करणं आणि माहिती नसताना ठोकून न देणं, या दोन मुद्द्यांवर ‘दिसलं नाही’ आलं तर बाकी सहा कितीही चांगले असले तरी एकट्याला पाठवू नका. बाकीच्यांत कमी पडलेल्याला सहप्रशिक्षक म्हणून ठेवता येतं. १४ पैकी नऊ-दहा जण एकटे सत्र घेण्याजोगे निघाले तर ते चांगलंच समजा आणि जोड्या त्या अंदाजानं लावा.

खरी परीक्षा तीन महिन्यांनी. त्यांनी शिकवलेल्या कार्यकर्त्यांचे पाच-पाच तपासणी अहवाल काढा. समितीच्या परवानगीनं, कार्यालयातच बसून, प्रती बाहेर न नेता. वर सांगितलेल्या त्याच आठ चुका मोजा. चौकशी १५ दिवसांत झाली का तेही पाहा. सगळ्या अहवालांत एकच चूक दिसली, समजा मुलाची इच्छा कुणीच लिहिली नाही, तर दोष कार्यकर्त्यांचा नाही, ते सत्र पुन्हा लिहावं लागेल. एकाच तालुक्यात दिसली तर तिथल्या प्रशिक्षकासोबत बसा.

निरीक्षण पत्रकाच्या दोनच प्रती करा. एक प्रशिक्षकाकडे, एक तुमच्याकडे. गोपनीय अहवालाला किंवा बदलीच्या कागदाला ती जोडली जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सर्वांना लिहून द्या. नाहीतर पुढच्या फेरीपासून निरीक्षक एकमेकांना आठही खुणा ‘दिसलं’ देतील.